कळप कोण राखणार, शाळेत कोण जाणार?

मेंढपाळाच्या घरातलं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याच्या ताब्यात पहिल्यांदा येतात ती कोकरं आणि करडं. मोठा कळप नाही. नुसती पिल्लं, तीही मुक्कामाच्या तळाच्या आसपास, आईच्या हाकेच्या टप्प्यात. आफ्रिकेतल्या पठारांपासून आशियातल्या उंच डोंगरांपर्यंत बऱ्याच पशुपालक समाजांत ही पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच दिसते. यात लाड नाहीत, साधा हिशेब आहे. दोन-तीन आठवड्यांचं कोकरू दिवसभर आईमागे उभा चढ चढू शकत नाही. बरोबर नेलंच तर आई सारखी थांबते, मागे वळते, ओरडते, आणि बघता बघता कळपाचे दोन तुकडे होतात. ज्या घरात मेंढीचं दूधही काढतात तिथे तर पिल्लाला दिवसभर आईपासून लांब ठेवावंच लागतं, नाहीतर संध्याकाळी भांड्यात काही पडत नाही. म्हणून पिल्लं मागे राहतात आणि त्यांच्याबरोबर घरातलं सगळ्यात लहान मूलही.

त्याच्याहून मोठं भावंड नऊ-दहा वर्षांचं झालं की जवळच्या उतारावर थोडी जनावरं घेऊन जातं. अंगात जरा जोर आला, आवाज लांब जाऊ लागला की दिवसभराचा मोठा कळप. म्हणजे कळपाची जशी वयाप्रमाणे वाटणी होते, तशीच भावंडांचीही. डोंगरातल्या मेंढपाळ मुलांबद्दल काहीही समजून घ्यायचं तर ही वाटणी आधी समजून घ्यावी लागते, कारण पुढे शाळेचा प्रश्न येतो तेव्हा तोही असाच वाटून सोडवला जातो.

पण त्याआधी, मुळात एवढ्या उंचावर जायचंच कशाला?

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. एक हजार मीटरवरच्या गावात आणि साडेतीन हजार मीटरवरच्या कुरणात म्हणजे सोळा अंशांचा फरक. खाली उन्हाने गवत वाळून काडी होतं त्याच सुमाराला वर बर्फ वितळून कोवळं गवत फुटायला लागतं. कोवळ्या गवतात प्रथिनं जास्त आणि चोथा कमी. तेच गवत महिन्याभराने निबर होतं आणि मेंढीला त्यातून फारसं काही मिळत नाही. हे कोवळेपण खालून वर सरकत जातं, आणि कळप त्याच्या मागोमाग. फार लवकर वर पोचलं तर ओल्या जमिनीत नुकतेच फुटलेले कोंब खुरांखाली जातात. उशिरा पोचलं तर दुसऱ्याचा कळप आधीच चरून गेलेला असतो. हिमाचलमधले गद्दी मेंढपाळ धौलाधार डोंगररांगेच्या खिंडी ओलांडून लाहौलकडे जातात ते या गणितावर. जम्मूच्या पायथ्याचे बकरवाल पशुपालक पीर पंजालची रांग ओलांडून काश्मीरच्या उंच कुरणांत जातात तेही यावरच. वसंतात वर, हिवाळ्याच्या तोंडावर खाली.

दोघांत एक मोठा फरक आहे आणि मुलांच्या दृष्टीने तोच कळीचा. बकरवालांचं बहुतेक वेळा आख्खं कुटुंब चालतं: म्हातारी माणसं, तान्ही मुलं, घोड्यांवर लादलेला संसार. गद्दींमध्ये वरच्या कुरणांत मुख्यतः पुरुष जातात, बायका आणि मुलं बऱ्याचदा गावात घर-शेती बघतात. एकाकडे मूल रोज कळपात वाढतं, दुसऱ्याकडे ते सुट्टीत किंवा मोठं झाल्यावर कळपाकडे जातं. ‘मेंढपाळांची मुलं’ असं सरसकट बोललं की हा फरक निसटतो.

आता एक कळप आणि दोन भावंडं एवढंच डोळ्यांसमोर आणा. दोघं काय करतात?

लांबून बघणाऱ्याला वाटतं, काही नाही. एक दगडावर बसलंय, दुसरं कुठेतरी मागे रेंगाळतंय. खरं तर दोघं आपापल्या जागी उभी असतात. मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि तिला जवळजवळ चोहीकडचं दिसतं, शेपटीमागचा एक चिंचोळा पट्टा तेवढा सुटतो. तिच्याभोवती एक अदृश्य अंतर असतं. त्याच्या आत कुणी आलं की ती हलते, बाहेर गेलं की थांबते. माणूस तिच्या खांद्याच्या मागे आला तर ती पुढे जाते, खांद्याच्या पुढे आला तर मागे वळते. मेंढ्या हाकण्याची निम्मी विद्या या दोन ओळींत आहे. उरलेली निम्मी मात्र ओळींत मावत नाही, कारण हे अंतर प्रत्येक कळपाचं वेगळं. रोज हात लागणाऱ्या कळपाचं दोन पावलं, बुजऱ्याचं वीस.

म्हणून एक भावंड पुढे लागतं आणि एक मागे. पुढचं कळपाला वेग देत नाही, उलट आवरतं. आघाडीला बहुधा शेळ्या असतात, त्यांना झुडपं ओरबाडत पुढे पळायची हौस. त्यांना रोखलं नाही तर मेंढ्या त्यांच्यामागे धावतात आणि चरायचं राहून जातं. मागचं भावंड लंगडणारी, गाभण आणि म्हातारी जनावरं बघतं. दोघंही मागे राहिली तर कळप पळत सुटतो, आणि कड्याच्या वाटेवर मागून रेटा आला की कडेची मेंढी थेट खाली. अरुंद वाटेवर घाई करायची नाही, मेंढ्यांना एकामागून एक जाऊ द्यायचं, हा धडा मोठं भावंड धाकट्याला समजावून सांगतं असं नाही. ते ओरडतं: थांब! धाकटं थांबतं. असं पुष्कळदा झालं की एक दिवस ते न ओरडताच थांबतं.

मोजणीचंही असंच. इंग्लंडच्या उत्तर भागात मेंढ्या मोजण्यासाठी वेगळे आकडेशब्द होते. वीस झाले की एक खूण करायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात. पण चरत्या, हलत्या कळपाची अशी मोजणी रोज, तासातासाला होत नाही. ज्याला कळप ठाऊक आहे तो ओळखीच्या जनावरांकडे बघतो. तुटक्या कानाची दिसली, काळ्या तोंडाची दिसली, पण तिच्या मागे नेहमी असणारी ती लोचट पाट, म्हणजे तरुण शेळी, कुठाय? एक नाही म्हणजे तिच्या सोबतच्या चार-पाचही नाहीत, कारण मेंढ्या-शेळ्या आपापल्या टोळक्याने फिरतात. दोनशे जनावरांतलं एक नाही हे दहा वर्षांच्या पोराला आकडा न मोजता कळतं, ते वर्गात पंचवीस मुलांत कोण गैरहजर हे शिक्षकाला कळतं तसंच. मेंढ्यांनाही चेहरे ओळखता येतात, बरं का. केंब्रिजजवळच्या संशोधकांनी 2001 साली दाखवून दिलं की मेंढी पन्नास वेगवेगळ्या मेंढ्यांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षं लक्षात ठेवते. तेव्हा ओळख दोन्ही बाजूंनी असते.

पिल्लांच्या राखणीत मूल काय शिकतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. नव्या कोकराच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्यं जवळजवळ नसतात. आईच्या पोटात असताना ती त्याला मिळतच नाहीत, ती येतात चिकातून. आणि चिकातली ही द्रव्यं आतड्यातून रक्तात जायची वाट पहिल्या दिवसभरात बंद होते. म्हणून व्यालेल्या मेंढीजवळचं मूल आधी बघतं ते कोकरू उठलं का, आणि आचळ तोंडात धरलं का. नाही धरलं तर आचळाची पहिली धार पिळून त्यातला घट्ट चिकट बोळा काढायचा, दोन थेंब कोकराच्या ओठावर लावायचे आणि शेपटीच्या मुळाशी खाजवायचं, कारण आईही पाजताना तिथेच हुंगते. कोकरू शेपूट हलवायला लागलं की समजायचं, पोटात जातंय. एखादं पोरकं झालं आणि दुसरीचं कोकरू मेलेलं असलं तर मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या अंगावर चढवतात. मेंढी आपलं पिल्लू वासावरून ठरवते. दोन-तीन दिवसांत दूध पोरक्याच्या अंगात भिनतं, त्याला तिचाच वास येऊ लागतो आणि कातडं काढून टाकता येतं. सहा वर्षांच्या मुलासमोर हे सगळं उघड्यावर घडतं. जन्म, मरण, आणि एकातून दुसऱ्याचं काम कसं निभावतं तेही. शहरातल्या पालकांना हे ऐकून कसंसंच होईल. त्या मुलाला होत नाही.

आजारपणाची ओळखही याच वयात होते. दवाने भिजलेलं, क्लोव्हरसारखं द्विदल गवत उपाशी मेंढीने बकाबका खाल्लं तर पोटात फेस धरतो, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते आणि तासाभरात जनावर जाऊ शकतं. म्हणून सकाळी दव उतरेपर्यंत अशा पट्ट्यात शिरू द्यायचं नाही. अंगावर दाट लोकर असलेली किंवा भरल्या पोटाची मेंढी खळग्यात उताणी पडली तर तिला स्वतःहून उठता येत नाही. पोटातल्या वायूचा दाब वाढत जातो आणि ती तशीच मरते. तिला कुशीवर करायचं, उभी करायची आणि पाय स्थिर होईपर्यंत धरून ठेवायची, एवढं पोराला जमतं, फक्त ते वेळेवर दिसायला हवं. हिमालयात बुरांस फुलतो तो ऱ्होडोडेंड्रॉन विषारी असतो. वसंतात चढताना आजूबाजूला बर्फ आणि त्यात हिरवं दिसतं ते बऱ्याचदा हेच पान. कळप नेमका तेव्हाच भुकेला असतो.

इथपर्यंत वाचून हे बालपण फारच छान वाटायला लागलं असेल तर जरा थांबा. गालांना उन्हाने भेगा पडलेल्या, कोकरू छातीशी धरलेल्या भावंडांचे फोटो आपण कौतुकाने बघतो. त्या फोटोत लांडगा नसतो. हिमबिबट्या आणि अस्वल नसतं. भर उन्हाळ्यातली गारपीट नसते, रात्रभर ओल्या घोंगडीत काढलेली थंडी नसते. वीज नसते. वीज जमिनीवर पडली की तिचा दाब पडल्या जागेपासून चहूकडे जमिनीतून पसरतो. दोन पायांत अंतर जितकं जास्त तितका शरीरातून जाणारा विजेचा झटका मोठा. मेंढीचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून चांगलेच दूर असतात, आणि भिजलेल्या मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. म्हणून एका वेळी शेकडो जनावरं मेल्याच्या बातम्या हिमालयातून येतात. मुलांना म्हणून शिकवतात: ढग गडगडला की कळप माथ्यावरून खाली, एकट्या झाडापासून लांब, आणि स्वतः पाय जुळवून उकिडवं बसायचं. शिकवलेलं सगळं दर वेळी जमतं असं नाही. दवाखाना तर एक-दोन दिवसांच्या चालीवर.

मग हे शिक्षण की बालमजुरी? हा प्रश्न असा विचारला की उत्तर आधीच ठरलेलं असतं, विचारणारा कुठल्या बाजूचा आहे त्यावर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1973 च्या कराराने कामासाठीचं किमान वय साधारण 15 धरलं, गरीब देशांना सुरुवातीला 14 ची मुभा दिली, आणि शाळा-तब्येतीला धक्का न लावणारं हलकं काम त्याआधी दोन वर्षं चालेल असं म्हटलं. भारतात 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला नाही, काम धोक्याचं नसेल तर. म्हणजे कायदा मेंढरं राखण्याला सरसकट गुन्हा म्हणत नाही. तो विचारतो, कळप कुणाचा, वेळ कुठली, धोका किती. जगभरच्या अंदाजांप्रमाणे 2024 मध्ये 13 कोटी 80 लाख मुलं बालमजुरीत होती आणि त्यातली 61 टक्के शेती-पशुपालनात. त्यात कारखान्याचा मालक क्वचितच असतो. बहुतेकदा असतात आईवडील, आणि मदतीला दुसरं कुणी नसतं.

मला विचाराल तर खरी मेख ‘शाळा सुटल्यावर’ या दोन शब्दांत आहे. कुरण उन्हाळ्यात वर असतं आणि शाळा बाराही महिने खाली. शाळा सुटल्यावर जाऊन येण्याइतका डोंगर जवळ नसतो. सगळी मुलं शाळेत घातली तर कळप राखायला माणूस नाही, सगळी कळपामागे नेली तर कुणीच शिकत नाही. मग घरं मधला मार्ग काढतात: एकाला शाळा, एकाला काठी.

कुणाला काय, हे जागोजागी वेगळं ठरतं. लेसोथो हा आफ्रिकेतला देश पूर्णपणे हजार मीटरच्या वर आहे. त्याची सगळ्यात खोल जागाच सुमारे चौदाशे मीटरवर. तिथे गुरं-मेंढरं राखणं हे मुलग्यांचं काम. लहानपणीच मुलगे उंचावरच्या गोठ्यांवर जातात आणि थंडीत एका कांबळ्यावर महिनोन्‌महिने काढतात. काही जण दुसऱ्याचा कळप राखतात आणि वर्षाचा मोबदला जनावरातच घेतात. बहिणी मात्र गावात राहतात आणि शाळेत जातात. परिणाम असा की बायकांची साक्षरता पुरुषांपेक्षा वरचढ असलेल्या मोजक्या देशांत लेसोथो येतो. 2000 पासून तिथे प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत झालं, 2010 च्या कायद्याने सक्तीचंही झालं. राखण्या पोरांसाठी रात्रीचे वर्गही चालतात, कारण दिवसा त्यांना कळप सोडता येत नाही. इतरत्र पारडं उलट फिरतं, बहीण घरी नाहीतर कळपाशी आणि भाऊ शाळेत. मुलगी की मुलगा हे प्रत्येक समाजाने राखणीचं काम कुणाचं मानलंय त्यावर. शाळेची किंमत घरातलं कुणीतरी एक मूल मोजतं, हे मात्र दोन्हीकडे सारखं.

युरोपात हे नव्हतं असं कुणी समजू नये. आल्प्समधल्या टिरोल, फोरार्लबर्ग आणि ग्राउबुंडेन भागांतली गरीब घरं आपली मुलं दर वसंतात खिंडींतल्या बर्फातून चालत दक्षिण जर्मनीतल्या स्वाबियात पाठवत. रावेन्सबुर्ग आणि फ्रीड्रिक्सहाफेन इथे या मुलांचे चक्क बाजार भरत. शेतकरी येत, पोरं निवडत, आणि शरद संपेपर्यंत गुरं राखायला घेऊन जात. मोबदला म्हणजे थोडे पैसे आणि नवे कपडे-जोडे, शिवाय घरी एक खाणारं तोंड कमी. ज्या जर्मन प्रदेशात ती जात तिथली शाळेची सक्ती फक्त तिथल्याच मुलांना लागू होती. 1921 च्या सुमाराला ती परक्या मुलांनाही लागू झाली आणि प्रथा जवळजवळ संपली. डोंगरातली गरिबी त्या वर्षी संपली नव्हती. शेतकऱ्याला परकं पोर आणून फायदा उरला नाही, एवढंच.

पण इथे मूल दुसऱ्याच्या गुरांमागे जात होतं. स्वतःच्या घरच्या कळपाचं काय? सक्ती केली म्हणून कळप चरायचा थांबत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये उत्तर निघालं ते शाळेलाच कळपाबरोबर चालायला लावायचं. बकरवाल-गुज्जरांसाठी तिथे फिरत्या आणि हंगामी शाळा आहेत. शिक्षक उन्हाळ्यात वरच्या कुरणांत जातो, तंबूत नाहीतर उघड्यावर वर्ग भरतो, आणि सगळी भावंडं एकाच फळ्यासमोर बसतात. शिक्षक वेळेवर वर पोचला, त्याला पगार वेळेवर मिळाला आणि पुस्तकं घोड्यावरून आली तर हे चांगलं चालतं. या प्रत्येक ‘तर’मध्ये एखादा हंगाम वाया जाऊ शकतो, आणि इथला हंगाम म्हणजे चार-पाच महिने.

मंगोलियाने उलटा रस्ता धरला: मुलांनी शाळेजवळ यायचं. तालुक्याच्या गावी वसतिगृहं आहेत, पशुपालकांची मुलं तिथे राहून शिकतात. देशाची साक्षरता उंच राहिली ती यामुळेच. पण शाळाप्रवेशाचं वय 2008 मध्ये सहावर आलं आणि नवी अडचण उभी राहिली. सहा वर्षांचं पोर वसतिगृहात टाकायला आईचं मन धजत नाही. मग बऱ्याच घरांत आई धाकट्यांना घेऊन गावात बिऱ्हाड करते आणि बाप कळपाबरोबर एकटा राहतो. वाटणी भावंडांची व्हायची ती नवरा-बायकोची झाली. कडाक्याच्या हिवाळ्यात, ज्याला तिथे झुड म्हणतात, एकट्या माणसाच्याने कळप वाचवणं अवघड जातं. 2009-10 च्या झुडमध्ये देशात लाखोंनी जनावरं मेली.

गद्दींकडे आणखी तिसरं चित्र आहे. तिथे शिकलेली पोरं बहुधा कळपाकडे परतत नाहीत, म्हणून पगारी राखणदार ठेवायची पूर्वापार रीत अधिकच गरजेची झाली. त्याला पुहाल म्हणतात. आता पुहालही सहज मिळत नाही.

आणि घरात जो एक भाऊ कळपाबरोबर राहिला, त्याची खरी अडचण डोंगरावर नसते, खाली असते. चराईचा परवाना, लसीकरणाची नोंद, विम्याचा अर्ज, 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावा. त्या कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केलाय, पण तो मिळवायचा कागदावर. पाच मेंढ्यांत आजारी कुठली हे लांबून ओळखणारा माणूस त्या अर्जापुढे अडतो आणि शाळेत गेलेल्या भावंडाला फोन लावतो, वर कुठे रेंज मिळाली तर.